कागदी विमानाचं किट विकायचंय? आधी ते गिऱ्हाइकाच्या हातून पूर्ण होऊ द्या!



काळाचौकीतल्या आमच्या स्टेशनरीच्या दुकानाच्या माळ्यावर एक मोठा खोका आहे. त्यात २२६ पाकिटं आहेत. प्रत्येक पाकिटात एका जुन्या विमानाचं कागदी किट. अकरा शीट, रंगीत, झकास छपाई. हातात घेतलं की कोणीही म्हणेल, "वा, काय काम आहे!" तरीही ती पाकिटं विकली गेली नाहीत, आणि आता मी ती विकणारही नाही.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी तुम्हाला चार शीटचं 'पुस मॉथ' विमान कापून, चिकटवून दाखवलं. ते किट आज चालतंय. पण त्याच्या आधीचा खोका व्हिडिओत दाखवला नव्हता. आज त्या खोक्याबद्दल लिहितो. तुम्हाला विमानांची आवड नसेल तरी वाचा. कंदिलाचं किट, रांगोळीचे साचे, भरतकामाचं किट, मोदकाचं तयार पीठ, असं अर्धवट तयार काहीही विकणार असाल तर हा धडा तुमचाही आहे.

अकरा शीटचा मोह

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मला लहानपणापासून विमानांचं वेड. बीबीए करताना वहीच्या मागच्या पानावर बॅलन्स शीटपेक्षा प्रोपेलर जास्त असायचे. दुकानात छपाईची कामं येतात, डिझाइनचं सॉफ्टवेअर थोडंफार येतं. म्हटलं, आपणच कागदी विमानांची किट काढूया.

पहिलं विमान कोणतं? मनात एकच नाव होतं, 'मलबार प्रिन्सेस'. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोचलं. कंपनीचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण. चार इंजिनं, १२३ फुटांचे पंख, शेपटीला तीन उभे पंखे आणि माशासारखं बाकदार धड. दिसायला एवढं देखणं विमान की बघत राहावं.

चार महिने रात्री जागून डिझाइन केलं. ३०० किट छापली. एका किटला १४२ रुपये पडले, म्हणजे ४२,६०० रुपये. त्यातले निम्मे बायकोच्या मोडलेल्या एफडीचे. किंमत ठेवली ३९९. ओळखीतले, सोसायटीतले, दोन प्रदर्शनं असं मिळून ७४ किट गेली. २९,५२६ रुपये आले आणि गाडी थांबली. दुसऱ्यांदा कोणी आलंच नाही.

मी कारणं शोधायला लागलो. किंमत जास्त झाली का? जाहिरात कमी पडली का? रील नीट झाली नाही का? तुम्हीही हेच करता ना? माल उठला नाही की आपण पहिला संशय मार्केटिंगवर घेतो.

बाबांचा प्रश्न

माझे बाबा गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर त्यांनी हे दुकान टाकलं. दुपारी गल्ल्यावर आजही तेच बसतात. एकदा नववीतला एक मुलगा दुकानात आला, आमचंच किट हातात घेऊन. धडाचे पाच तुकडे जोडलेले, सहावा बसत नव्हता. त्याने विचारलं, "काका, हे पुढे कसं लावायचं?" मी दुकानात नव्हतो. बाबांनी प्रयत्न केला, त्यांनाही जमलं नाही. मुलगा ते काउंटरवर तसंच ठेवून गेला.

संध्याकाळी मी आल्यावर बाबांनी तो अर्धा सांगाडा माझ्यासमोर ठेवला आणि एवढंच विचारलं, "अरे, तू विमान विकतोस की विमानाचे तुकडे?"

मला राग आला. खरं सांगतो, जेवताना बोललोसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी बिलबुक काढलं आणि ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना फोन केले. ५१ जणांनी फोन उचलला. प्रश्न एकच: "विमान पूर्ण झालं का?"

'हो' म्हणणारे निघाले सहा.

बाकीच्यांनी काय सांगितलं? "सुट्टीत करणार आहे." "पोराने सुरू केलं होतं, राहिलं." "नाकाचा भाग जमेना." एक वहिनी तर म्हणाल्या, "भाऊजी, छान आहे हो, पण आपल्या हाताला ती कला नाही." हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. चूक माझ्या डिझाइनमध्ये होती आणि दोष त्या स्वतःच्या हाताला देत होत्या. असा माणूस दुसरं किट घेईल का? आणि चार लोकांना सांगेल का?

आणखी एक आजोबा भेटले, त्यांनी विमान पूर्ण केलं होतं. ते म्हणाले, "या विमानाचं पुढे काय झालं, ते ठाऊक आहे ना तुला?" मला ठाऊक नव्हतं. ३ नोव्हेंबर १९५० ला 'मलबार प्रिन्सेस' युरोपात माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं आणि विमानातले सगळे ४८ जण गेले. माझ्या पाकिटावर मात्र मी हसऱ्या ढगांचं चित्र छापलं होतं. आपण जे विकतो त्याचा इतिहास आपल्याला पूर्ण माहीत असायला हवा, हा धडा मी त्या आजोबांकडून घेतला.

मित्रांनो, किटच्या धंद्यात माल तुमच्या दुकानात तयार होत नाही. तो गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्या टेबलावर तयार होतो. तो तिथे तयार झाला नाही, तर तुम्ही विकलात तो नुसता छापील कागद.

कागदाला काय जमतं, ते आधी समजून घ्या

आता कामाचं बोलू. कागदाचा एक साधा नियम आहे. तो एका वेळी एकाच दिशेने वळतो. त्याची नळी होते, शंकू होतो, खोका होतो. चेंडू होत नाही. घरी कागद चेंडूवर गुंडाळून बघा, चुण्या पडतात.

म्हणून विमान निवडताना सौंदर्य नंतर बघायचं. आधी विचारायचं, याचे किती भाग सपाट आहेत, किती नळीसारखे आणि किती चेंडूसारखे? कॉन्स्टेलेशनचं धड नाकापासून शेपटीपर्यंत सतत जाडी बदलतं. मला त्याचे चौदा गोल तुकडे करावे लागले, आणि प्रत्येक तुकड्याची पुढची कड वेगळी, मागची वेगळी. पहिला तुकडा अर्धा मिलिमीटर चुकला की दहावा बसतच नाही. त्यावर चार इंजिनं, आणि प्रत्येकाचं तोंड गोल फुगीर. नवशिक्यासाठी ही शिक्षाच.

मग मी उलटा शोध सुरू केला. आपल्या मुंबईशी नातं असलेलं, कागदाला सोपं पडणारं प्रोपेलरचं विमान कोणतं? उत्तर जुहूला सापडलं.

जुहूच्या चिखलात उतरलेलं विमान

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एकटेच निघाले. सोबत ५५ पौंड टपाल, म्हणजे साधारण २५ किलो. वाटेत अहमदाबादला उतरले, तिथे पेट्रोल बैलगाडीतून आणलेलं होतं. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला टेकलं. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहू तेव्हा समुद्राकाठची साधी मोकळी जमीन होती. पावसाळ्यात तिथे पाणी भरायचं आणि सगळा मुक्काम पुण्याला येरवड्याला हलवावा लागायचा. टाटांच्या नियमित हवाई सेवेची सुरुवात इतकी साधी होती.

ते विमान होतं डी हॅविलंड कंपनीचं 'पुस मॉथ'. एकच इंजिन, १२० अश्वशक्तीचं. वर छपरासारखा पंख, खाली टेकूच्या दांड्या, आत दोन-तीन माणसांची बंद केबिन. धड म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. म्हणजे सपाट बाजूंचा खोकाच! इंजिनाचे चार सिलेंडर एकामागे एक असल्यामुळे नाकही अरुंद आणि चपटं. कागदाने स्वतः निवडलं असतं तर हेच निवडलं असतं.

बघा, कॉन्स्टेलेशन मी मनाने निवडलं होतं. पुस मॉथ निवडताना कागद, गिऱ्हाईक आणि गोष्ट या तिघांना विचारलं. आणि गोष्ट म्हणाल तर तीच जास्त जवळची. काळाचौकीहून जुहू किती लांब? बस आणि लोकल मिळून तासा-दीड तासाचा प्रवास. १९८२ साली, पन्नास वर्षं झाली तेव्हा, ७८ वर्षांच्या जेआरडींनी 'लेपर्ड मॉथ' या त्याच घराण्यातल्या विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. अशी गोष्ट पाकिटाच्या मागे चार ओळींत छापली की गिऱ्हाईक ती वाचतंच.

माप ठरवा शीटवरून

खऱ्या पुस मॉथचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११.२० मीटर, लांबी ७.६२ मीटर. आता किती लहान करायचं?

पोलंडमध्ये कागदी मॉडेलांची मोठी परंपरा आहे, १९५७ मध्ये त्यासाठी खास मासिक सुरू झालं. तिथे विमानांसाठी १:३३ हे माप रुळलेलं आहे. त्या मापाने पुस मॉथचा पंख ३३.९ सेंटिमीटर होतो. ए-४ शीटची लांबी २९.७ सेंटिमीटर. म्हणजे पंख मधोमध तोडून जोडावा लागणार. जिथे जोड आला, तिथे चूक आलीच.

१:४८ घेतलं तर पंख २३.३ सेंटिमीटर आणि लांबी १५.९. अख्खा पंख एका शीटवर बसतो. वरची आणि खालची बाजू एकाच तुकड्यात, पुढची कड म्हणजे फक्त एक घडी. तयार विमान तळहातापेक्षा थोडं मोठं, शोकेसमध्ये आरामात मावतं. छपाई कोणत्याही झेरॉक्सवाल्याकडे ए-४ वर होते. पाकीट सपाट राहतं, कुरिअरला सोपं जातं, आणि आपल्या दहा बाय बाराच्या दुकानात शंभर किट एका फळीवर राहतात. कागदी किटचा धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, जागा खात नाही.

डिझाइन: थोडक्यात पायऱ्या

एक. विमानाचा त्रिमितीय आकार संगणकावर बनवा. 'ब्लेंडर' हे सॉफ्टवेअर मोफत आहे. आकार उलगडून सपाट करायलाही त्यातच कागदी मॉडेलची सोय जोडता येते. 'पेपाकुरा' हे जपानी सॉफ्टवेअर खास याच कामासाठी आहे. रेषा, रंग, आकडे यासाठी 'इंकस्केप', तेही मोफत.

दोन. भाग कमी करा. माझ्या पहिल्या आराखड्यात ५८ तुकडे होते, शेवटच्यात २३. खऱ्या पुस मॉथचे पंख मागे मिटता यायचे. चाकांच्या दांड्यांवरची आवरणं आडवी फिरवून हवेत ब्रेकसारखी वापरता यायची. दोन्ही गोष्टी किटमध्ये करायचा फार मोह झाला. दोन्ही काढून टाकल्या आणि सूचनापत्रावर त्यांची माहिती दिली. वाचायला मजा, चिकटवायचा त्रास नाही.

तीन. कागदाची जाडी मोजा. विमानाच्या पोटात आकार धरून ठेवायला जाड पुठ्ठ्याचे आडवे तुकडे बसवतात, त्यांना फॉर्मर म्हणतात. २०० जीएसएमचा कागद साधारण पाव मिलिमीटर जाड असतो. बाहेरून धड २० मिलिमीटर रुंद असेल, तर आतला फॉर्मर १९.५ चा हवा, दोन्ही बाजूंनी पाव-पाव कमी. कॉन्स्टेलेशनमध्ये मी हे विसरलो होतो. त्या मुलाचा सहावा तुकडा बसत नव्हता तो त्यामुळेच. त्याचा हात बरोबर होता, माझं माप चुकलं होतं.

चार. चिकटवायच्या पट्टीवर नंबर टाका. पट्टी ७ ची जागा ७, बस. बाण, तारे, इंग्रजी अक्षरं यांची खिचडी नको. आणि नंबर ज्या क्रमाने चिकटवायचं त्याच क्रमाने द्या.

पाच. पहिल्या वीस मिनिटांत काहीतरी उभं राहू द्या. आमच्या किटमध्ये पहिल्या तीन पायऱ्यांत केबिन तयार होते, खिडक्यांसकट. हातात आकार दिसला की माणूस पुढे जातो. कॉन्स्टेलेशनमध्ये दीड तासानंतरही हातात नुसत्या बांगड्या असायच्या.

कागद, छपाई आणि आपला पाऊस

कागद १६० ते २०० जीएसएम. त्यापेक्षा जाड घेतला तर बारीक घड्या तुटतात, पातळ घेतला तर पंख लोंबतात. घाऊक कागदासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटला चक्कर मारा. दोन-चार दुकानांतून नमुने आणा आणि घरी वळवून बघा. प्रत्येक कागदाला एक ग्रेन असतो, म्हणजे तंतूंची दिशा. एका बाजूने तो सहज वळतो, दुसऱ्या बाजूने अडतो. नळीसारखे भाग शीटवर मांडताना नळीची लांबी ग्रेनच्या दिशेत ठेवा. एवढं केलंत तरी गिऱ्हाइकाचा अर्धा त्रास वाचतो.

इंकजेटची शाई फेव्हिकॉलच्या ओलाव्याने पसरते. लेझर प्रिंटला तो त्रास नाही, पण घडीवर रंग तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. त्यावर उपाय म्हणजे घडी घालण्याआधी बोथट टोकाने रेघ ओढायची आणि कडेला रंगीत पेन्सिल फिरवायची. सूचनापत्रात हे पहिल्याच चौकटीत लिहा. ऑफसेटला हजाराच्या आत जाऊ नका. सुरुवातीला पन्नास-पन्नासच्या घाण्यात डिजिटल छपाई करा. दर थोडा जास्त पडतो, पण चूक सापडली तर पन्नासच फुकट जातात. माझ्यासारखी २२६ नाही.

आणि मुंबईचा पाऊस! जून ते सप्टेंबर कागद दमट होतो, शीट वाकते, चिकटलेलं लवकर सुकत नाही. माल प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवा आणि पावसाळ्यासाठी साठा कमी करा.

तोंड बंद ठेवून चाचणी घ्या

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. किट छापायच्या आधी तीन माणसांकडून बनवून घ्या. एक विद्यार्थी, एक नोकरी करणारा, आणि एक असा की ज्याने शाळेनंतर कात्री धरलेली नाही. तुम्ही समोर बसा, पण बोलायचं नाही. एक शब्दही नाही. माणूस जिथे थांबतो, शीट उलटीपालटी करतो, तुमच्या तोंडाकडे बघतो, तिथे वहीत खूण करा. त्या खुणा म्हणजे तुमच्या डिझाइनच्या चुका.

माझे तिघं कोण होते? तोच नववीतला मुलगा, मी त्याच्या घरी जाऊन विनंती केली. दुसरे वरच्या मजल्यावरचे बँकेतले काका. आणि तिसरे आमचे बाबा, जाड चष्मा आणि थरथरणारा अंगठा. बाबा पहिल्यांदा आठव्या पायरीला अडले, दुसऱ्या वेळी चौदाव्या. चौथ्या आवृत्तीला त्यांनी एका रविवारी दुपारी बसून पूर्ण विमान केलं. अडीच तास लागले. एक पंख किंचित खाली झुकलाय. ते विमान आज गल्ल्याच्या वर टांगलेलं आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात, "मी केलंय." माझ्या दुकानातली सर्वात चांगली जाहिरात तीच आहे, तिला एक पैसा लागत नाही.

हिशोब मांडा, अंदाज नको

आता वही-पेन घ्या. हे माझे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण पद्धत हीच.

चार शीटची छपाई कागदासकट, १२ रुपयांप्रमाणे ४८. पाकीट आणि लेबल ९. खराब जाणाऱ्या मालासाठी ५. एका किटचा खर्च ६२ रुपये.

डिझाइनचा खर्च वेगळा. माझे ९६ तास, तासाला १५० रुपये धरून १४,४००. चाचणीच्या छपाया ३,६००. एकूण १८,०००. "माझा वेळ फुकट आहे" असं म्हणू नका. ज्याचा वेळ फुकट, त्याचा धंदा नाही, तो छंद. छंद वाईट नाही, पण मग त्याला धंदा म्हणू नका.

किंमत १९९. दुकानदाराला ३५ टक्के दिले की आपल्या हातात साधारण १२९ येतात. त्यातून ६२ गेले, उरले ६७. १८,००० भागिले ६७, म्हणजे २६९ किट विकल्यावर डिझाइनचा खर्च सुटतो. थेट गिऱ्हाइकाला विकलं, कुरिअर त्याच्याकडून वेगळं घेतलं, तर एका किटमागे १३७ उरतात आणि १३२ किटमध्येच खर्च निघतो. म्हणून पहिली शंभर-दीडशे किट स्वतः विका. पैसाही सुटतो आणि तक्रार थेट कानावर येते.

पीडीएफ विकावी का? छपाईचा खर्च शून्य, परदेशातलं गिऱ्हाईकही मिळतं. पण एक पीडीएफ व्हॉट्सअॅपवर किती ग्रुपमध्ये फिरेल ते तुम्हाला माहीत आहे. मी एक छोटं, एका शीटचं विमान मोफत देतो आणि मोठं छापील विकतो. मोफतचं ज्याने पूर्ण केलं, तो विकत घ्यायला येतो.

कायद्याकडे डोळेझाक नको

खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यासाठी बनवलेल्या वस्तूला बीआयएसचा परवाना आणि आयएसआय चिन्ह लागतं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. पाकिटावर '१४+' छापलं की सुटलो, असं समजू नका. वस्तू कोणासाठी बनवली आहे आणि तुम्ही ती कशी विकता, हे महत्त्वाचं. आमचं किट मोठ्या मुलांसाठी आणि मोठ्या माणसांसाठी, शोकेसमध्ये ठेवायचं मॉडेल आहे. आम्ही ते तसंच बनवतो आणि खेळण्यांच्या फळीवर ठेवत नाही. तुम्ही लहान मुलांसाठी काढणार असाल, तर छपाईच्या आधी जाणकाराचा लेखी सल्ला घ्या.

दुसरं, नावं आणि बोधचिन्हं. विमान जुनं असलं तरी कंपनीचं नाव आणि चिन्ह कोणाच्या तरी मालकीचं असतं. परवानगीशिवाय पाकिटावर छापू नका. दुसऱ्याचे आराखडे किंवा फोटो उचलू नका, मापं घेऊन स्वतः काढा. तिरंग्याचा वापर व्यापारासाठी करण्यावर १९५० च्या कायद्याचं बंधन आहे, तेही लक्षात ठेवा. उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून टाका.

पुढचं विमान

आता माझ्या टेबलावर एचटी-२ आहे. हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनवलेलं, भारतात आराखडा झालेलं प्रशिक्षण विमान. ५ ऑगस्ट १९५१ ला ते पहिल्यांदा उडालं. त्याचे डिझाइनर डॉ. विष्णू माधव घाटगे, आपल्या कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. पंखांचा विस्तार १०.७२ मीटर, म्हणजे १:४८ ला २२.३ सेंटिमीटर. शीटवर बसतं! पण धड गोलसर आहे, त्यामुळे दोन आवृत्त्या फुकट गेल्या आहेत. बाबा अकराव्या पायरीला अडले आहेत. ते पूर्ण करेपर्यंत छपाई नाही.

आणि कॉन्स्टेलेशन? ज्यांनी फोनवर 'अर्धवट राहिलं' सांगितलं, त्या ४५ जणांना मी पुस मॉथचं किट फुकट पाठवलं. ४५ गुणिले ६२, म्हणजे २,७९० रुपये. सोबत चिठ्ठी: "आधीच्या किटमध्ये माप माझं चुकलं होतं, तुमचा हात नाही." त्यातल्या बऱ्याच जणांनी पूर्ण झालेल्या विमानाचे फोटो पाठवले. वहिनींचाही फोटो आला. खाली लिहिलं होतं, "भाऊजी, जमलं की हो!" आणि भाचीसाठी आणखी एक मागवलं.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमची वस्तू कोणतीही असो, तीन कामं करा.

१. शेवटच्या वीस गिऱ्हाइकांना फोन करा. "आवडलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "वापरून झालं का? पूर्ण झालं का?" असं विचारा.

२. एका नवख्या माणसासमोर तुमची वस्तू ठेवा, गप्प बसा आणि तो कुठे अडतो ते लिहा.

३. तुमच्या वेळेची किंमत धरून एका नगाचा खर्च काढा.

वहीत लिहा, मोबाईलमध्ये नको. आणि पहिल्या फोनवर वाईट वाटलं तर लगेच जाहिरातीचा खर्च वाढवू नका. आधी गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्या टेबलावर काय पडून आहे ते बघा.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत कामाला लागा!